दुर्पीने मिटवलेली वाट

डोंगराच्या कुशीत एक छोटुकलं गाव होतं. सकाळचं ऊन तिथं आधी झाडांच्या शेंड्यांवर उतरायचं, तिथं जरा रेंगाळायचं आणि मग सावकाश खाली कौलांवर यायचं. त्या गावात दुर्पी राहायची. आठ वर्षांची, बारकीशी, सावळी, आणि डोळे कसे, तर टपोऱ्या करवंदांसारखे. घर म्हणजे दीड खोली. आई नव्हती. दुर्पी रांगत होती तेव्हाच ती तापाने गेली. घरात दोघंच, दुर्पी आणि तिचे आप्पा.

आप्पा कासार होते. बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या भरायचे. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, बांगड्या कुणीही घालील. घालून बघा की! काचेची बांगडी मुठीवरून चढवणं म्हणजे काही खायचं काम नाही. हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठा आत दुमडायचा, बोटांच्या गाठी हळूच दाबायच्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोलत राहायचं. "काय गं, गाय व्याली का तुझी? पाडा झाला की कालवड?" बाई उत्तर देत असते तोवर बांगडी मनगटात किणकिणत असते. दुखलं कधी, हे तिला कळतही नाही.

दर बुधवारी डोंगरापलीकडे बाजार भरायचा. गाडीरस्ता होता, पण तो डोंगराला लांबलचक वळसा घालून जायचा. आप्पांची वाट निराळी, रानातून जाणारी. ती कुणी बांधलेली नव्हती. आप्पांच्या पायांनीच ती पडली होती, आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडलांच्या पायांनी. दुसरं कुणी तिथून जात नसे. खांद्यावर लाल, पिवळ्या, जांभळ्या बांगड्यांच्या माळा घेऊन आप्पा पुढे, आणि डोक्यावर बोचकं घेऊन दुर्पी मागे. पायात वहाण नाही. फडक्यात शिळी भाकरी आणि मिरची. पहाटे निघावं तर दुपारी पोचावं, आणि त्यात काटे, खडे, चढ! दुर्पीचे इवलेसे तळवे अगदी सोलवटून निघायचे.

बरं, आप्पा सरळ चालतील तर शपथ. ओढ्याशी थांबायचं, कारण तिथं गोंदाजी मधवाला भेटायचा. तो पानाच्या द्रोणात मध द्यायचा आणि जगभरच्या चौकशा करायचा. सावरीच्या झाडाखाली थांबायचं, कारण तिथं पोपट बघायचे असत. "आप्पा, चला ना!" दुर्पी पाय आपटायची. आप्पा म्हणायचे, "अगं, बाजार काय पळून चाललाय?"

आणि मग लागायचं राहीचं घर. रानाच्या मधोमध, शेणाने सारवलेलं, कुडाचं, एकुलतं एक. राही, तिची सासू आणि तिचा नवरा देवराम, एवढीच माणसं. देवराम हिरडे गोळा करायचा आणि ते विकायला डोंगराच्या पार दुसऱ्या अंगाला उतरायचा. राहीला माहेर नव्हतं. आई नाही, बाप नाही, भाऊ नाही, कुणीच नाही. म्हणून बुधवार आला की ती दारात उभी असायची. लांबून बांगड्यांचा आवाज आला की हाका मारायची, "आलात का? आज उशीर केलात!" दुर्पीला ती समोर बसवायची, केसांना खोबरेल तेल चोपडायची आणि दोन घट्ट वेण्या घालायची. वेणी घालताना गुणगुणायची. दुर्पी डोळे मिटून बसायची आणि मनात म्हणायची, आई अशीच असेल.

त्या वर्षी राहीला दिवस गेले. आमच्याकडे सातवा महिना लागला की लेकीच्या हातात माहेरची माणसं हिरव्या बांगड्या भरतात. राही एकदा सहज म्हणाली, "मला कोण भरणार, आप्पा? माझ्या हातांना सासरच्याच बांगड्या." असं म्हणून हसली, पण डोळे भरून आले होते. आप्पा ताडकन उठून उभे राहिले. "मी मेलो काय गं? मी येईन. सातवा लागला की पहिल्या बुधवारी हिरवीगार काच घेऊन येईन. तुझं माहेर चालत येईल तुझ्या दारात, बघ!"

राहीने वाकून नमस्कार केला. दुर्पीने तिला मिठी मारली. "आक्का, मीपण येणार!"

असं सगळं छान चाललं होतं. मग तो एक बुधवार आला. घर सोडल्यापासूनच दुर्पीचं बिनसलं होतं. रात्रीची भाकरी कमी पडली होती, आणि पांगाऱ्याच्या झाडाजवळच्या चढणीवर पायात हा एवढा काटा घुसला. आप्पा पुढे गेले होते. दुर्पी दगडावर बसली, काटा उपटला आणि रडायला लागली. "मेली ही वाट! नको मला ही वाट!"

तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून आवाज आला, "आई गं... आई गं..."

दुर्पीने डोळे पुसले आणि वाकून पाहिलं. जाळीत एक चिमुकली परी अडकली होती! करंगळीएवढी. घागरा पांगाऱ्याच्या फुलासारखा लालचुटुक, पंख हिरव्या काचेचे, आणि पायात इवले इवले चांदीचे वाळे. पण वाळ्यांवर होता धुरळा, अगदी आपल्या पायांवर बसतो तसलाच. एका पंखात तीन काटे आरपार गेले होते. सोडवायला हात घातला की पंख आणखीच फाटत होता.

स्वतःचा पाय ठणकतोय हे दुर्पी विसरूनच गेली. "हलू नकोस हं, परीबाई. मला सांग, तू राहतेस कुठं?"

"वाटेवरच. मी वाटपरी आहे ना," परी हुंदके देत म्हणाली.

"अगंबाई! मग जेवतेस काय?" दुर्पीने पंख दोन बोटांत अलगद दुमडला.

"दवाचे थेंब. आणि कधी कधी चालणारी माणसं जे गाणं म्हणतात ते..."

"गाणं? ते कसं लागतं?" दुर्पीने पंख दाबला, वळवला.

"गोड. तुझ्या आप्पांचं जरा खडबडीत असतं, पण..." आणि परीचं वाक्य पुरं व्हायच्या आत पंख मोकळा! एक काटासुद्धा लागला नाही. शेवटी पोर कासाराची.

परीने पंख झटकले. साऱ्या जाळीवर हिरवे, निळे, सोनेरी ठिपके नाचले. तिने ओच्यातून तीन मणी काढले, मोहरीएवढे, लुकलुकणारे, आणि दुर्पीच्या तळव्यावर ठेवले. "या तीन मण्यांच्या तीन इच्छा. पण आधी तिन्ही नियम नीट ऐक. माझ्याकडे फक्त वाटांचं मागायचं, दुसरं माझ्या हातात नाही. जे एकदा मागितलं ते पुन्हा मागता येणार नाही. आणि तिसरं, सगळ्यात मोठं. जी वाट टाळशील ती मिटेल, आणि मिटलेली वाट मी परत आणू शकत नाही. कळलं?"

"हो हो, कळलं!" दुर्पी म्हणाली. काय कळलं होतं, कपाळ! कानांनी ऐकलं आणि लक्ष सगळं पायाकडे. तिने लगेच पहिला मणी मुठीत धरला. "आम्ही बाजाराला निघालो की पापणी लवायच्या आत तिथं पोचू दे. आणि परत येतानाही तसंच."

"फक्त एवढंच हवंय?" परीने तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. "तुझं बोट जो धरेल तो तुझ्यासोबत येईल. मी हवी असले की पांगाऱ्याखाली येऊन हाक मार." आणि ती पानांत दिसेनाशी झाली.

दुर्पी धापा टाकत आप्पांकडे पळाली आणि त्यांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, एक सोडून. आप्पांनी विचारलं, "फुकटात कोण देतं गं असलं? काही अट नाही ना त्याला?"

दुर्पीच्या जिभेवर ते आलं होतं. खरंच आलं होतं. पण अट सांगितली तर आप्पा नको म्हणतील, आणि पुन्हा तो चढ, पुन्हा ते काटे. ती म्हणाली, "नाही. काहीच नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच ती आप्पांशी खोटं बोलली. आणि बोलली ते नेमकं कुठल्या गोष्टीत, तर वाटेच्या.

आप्पांनी तिचं बोट धरलं. डोळे मिटले, उघडले, तो काय, समोर बाजार! गरमागरम भजी, रंगीत फुगे, पाळणा, सनई! सगळ्यांच्या आधी आप्पांचं दुकान लागलं, आणि दुर्पी पाळण्यात दोनदा बसली. घरीही तसंच, पापणी लवायच्या आत. पाय कसे मऊमऊ! आप्पांच्या गुडघ्यांनाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

"पुढच्या बुधवारी मात्र चालत जाऊ हं," आप्पा म्हणाले. "राही वाट बघेल."

"हो, पुढच्या बुधवारी." आणि पुढच्या बुधवारी दुर्पी पुन्हा म्हणाली, पुढच्या. सणांचे दिवस होते, बाजारात गिऱ्हाइकांची झुंबड उडायची. आप्पा दमायचे आणि मान डोलवायचे. असे एक, दोन, पाच, आठ बुधवार गेले. मुलांनो, पुढचा बुधवार ही फार लबाड वस्तू आहे. तो नेहमी पुढेच असतो.

पण आप्पा हळूहळू गप्प व्हायला लागले. बांगड्या भरताना ते पूर्वी किती बोलायचे! ओढ्यावर काय दिसलं, गोंदाजीला अस्वल कसं भेटलं, सावरीवर पोपटांनी काय दंगा केला. बायका हसायच्या. आता सांगायला काही उरलंच नव्हतं. घर आणि बाजार, मधे काहीच नाही. ते नुसतेच बांगडी चढवायचे, आणि बायका "आई गं!" म्हणून हात ओढून घ्यायच्या.

एका मंगळवारी आप्पांनी बांगड्यांची पेटी उघडली आणि एकदम कपाळावर हात मारला. "दुर्पे! अगं, राहीला सातवा लागला! उद्या जायलाच हवं. चालत!"

त्यांनी सगळ्यांत हिरवीगार, सगळ्यांत झळझळीत काच निवडली आणि फडक्यात बांधली. एक खण घेतला, एक नारळ घेतला. दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत दोघं निघाली. गावाची वेस ओलांडली, वडाला वळसा घातला, आणि आप्पा थांबले.

वाट नव्हतीच.

जिथं वाट सुरू व्हायची तिथं करवंदीची जाळी उभी होती, माणसाच्या डोक्यावर गेलेली, घट्ट, काळीभोर. आप्पा डावीकडे गेले, उजवीकडे गेले. त्यांनी जमिनीवर बसून हातांनी चाचपून पाहिलं. "इथंच होती गं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माझ्या वडलांची वाट. इथंच तर होती." आणि ते मटकन खाली बसले.

मिटलेली वाट! आत्ता दुर्पीला कळलं. नारळ-खण तिथंच राहिला, आणि बांगड्यांचं फडकं उचलून ती पांगाऱ्याकडे पळाली. पांगारा गावाकडच्या अंगालाच होता, तेवढा तरी उरला होता.

"वाटपरी! ए वाटपरी!"

वाळे वाजले. परी फांदीवर येऊन बसली. दुर्पी रडत म्हणाली, "मला राही आक्काकडे पोचव. पापणी लवायच्या आत!"

"ते तू मागून झालंय, राणी. पुन्हा नाही मागता येत."

"मग वाट परत आण!"

"तेही नाही. सांगितलं होतं ना?" परीचा आवाज फार मऊ होता. "आणखी काही सुचतंय का बघ. जाण्याच्या दुसऱ्याही तऱ्हा असतात."

दुर्पीने त्या काळ्याभोर जाळीकडे पाहिलं. तिच्या पायांनी माघार घेतली. आठ बुधवारांत ते अगदी नाजूक झाले होते. तिने दुसरा मणी मुठीत आवळला. "या हिरव्या बांगड्या राही आक्काच्या दारात पोचू दे."

"नुसत्या बांगड्या?" परीने विचारलं. "तू नाही जाणार?"

"काटे फार आहेत," दुर्पी खाली बघत म्हणाली.

मणी विझला. फडकं हवेत उडालं आणि चमचमत रानाकडे गेलं. दुर्पीला जरा हायसं वाटलं. झालं काम, असं वाटलं तिला! आप्पांना सांगायला ती वळली, तोच मागून आप्पाच आले. ते तिला शोधत होते, आणि आता समोरच परीला बघून जागीच थबकले.

"आप्पा, पाठवल्या बांगड्या! आपल्या जुन्या मापाच्याच होत्या ना? राही आक्काच्या?"

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. "जुन्या मापाच्या? अगं, मी तिचा हात बघून भरणार होतो! म्हणून तर मोठ्या मापाच्या माळाही इथं खांद्यावर घेतल्यात. सातव्यात हात भरतो, पोरी. सुजतो. हात हातात घेतल्याशिवाय बांगडी देऊ नये, एवढंही शिकली नाहीस माझ्याजवळ?"

परीने तळहात पुढे केला. त्यावर दवाचा एक थेंब होता, आणि थेंबात राहीचं घर. दोघं दिवसभर त्यावरच नजर लावून राहिली.

राहीने दार उघडलं. उंबऱ्याजवळ फडकं. गाठ सोडली तशी हिरवी काच उन्हात लखलखली, आणि राहीचा चेहरा असा काही उजळला की दुर्पीला बघवेना. तिने मान वर केली. "आप्पा! ए दुर्पे! लपलात होय रे?" ती हसत हसत घराला फेरी मारून आली. मग ओट्यावर उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. ऊन ओट्यावरून उतरलं, अंगणात गेलं, कुंपणापलीकडे गेलं. शेवटी सासू म्हणाली, "ये गं बाई, मी भरते." तिला बिचारीला काय येणार! तिने अंगठा दुमडला नाही, गाठी दाबल्या नाहीत, आणि बोलायचं तर कुणालाच सुचत नव्हतं. पहिली बांगडी गाठीवर अडली. जोर दिला. कच्चकन! दुसरी, तिसरी. सगळ्या.

बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण नाव बदललं म्हणून हातातून यायचं रक्त थोडंच थांबतं? राहीने हात पदराखाली लपवला. सासूने काचा गोळा केल्या. राही भिंतीकडे तोंड करून बसली होती.

थेंब विझला.

"मीच केलं!" दुर्पी ओरडली. "आप्पा, मी खोटं बोलले. अट होती. वाट मिटणार हे परीने सांगितलं होतं. मी तुमच्यापासून लपवलं. आणि आत्तासुद्धा मी जाऊ शकत होते, पण काट्यांना भ्याले!"

आप्पा कधी ओरडत नसत. त्या दिवशी ओरडले. "त्या पोरीला सांगितलं होतं मी, माहेर चालत येईल! सांगितलं होतं ना? तुझ्यासमोर सांगितलं होतं ना?" मग ते पांगाऱ्याला टेकून बसले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागले. "मीही कमी नाही," ते म्हणाले. "गुडघ्याला बरं वाटलं आणि आठ बुधवार गप्प बसलो."

दुर्पीने शेवटचा मणी काढला. पण आता तिने पायाकडे पाहिलं नाही, जाळीकडे पाहिलं. "परीबाई, मला राही आक्काच्या दारापर्यंत वाट दे. जुनी नको, दुसरी. कितीही लांब असू दे, कसलीही असू दे. मी चालीन."

"आयती वाट माझ्याजवळ नाही," परी म्हणाली. "वाट चालून पाडावी लागते. मी फक्त दिशा देते. चालेल?"

"चालेल."

मणी काजव्याएवढा दिवा झाला आणि जाळीत शिरला. आप्पांनी घरून कोयता आणला. दुर्पीने विळा घेतला. तोडायचं, ओढायचं, चार पावलं पुढे जायचं. संध्याकाळी घरी यायचं, सकाळी पुन्हा. दिवा थांबला असेल तिथंच थांबून राहायचा. दुर्पीचे हात ओरबाडून निघाले, तळव्यांना फोड आले, पण एकदाही ती "आप्पा, चला ना" म्हणाली नाही.

आणि काय काय दिसलं तिला! जुन्या वाटेवर हे सगळं असणारच, पण तेव्हा तिचं लक्षच नव्हतं. मुंग्यांची लांबलचक रांग, प्रत्येकीच्या तोंडात पांढराशुभ्र दाणा. कोळ्याच्या जाळ्यात अडकलेले सात रंग. दगडाखाली झोपलेला एक गुबगुबीत बेडूक. पंधराव्या दिवशी जाळीच्या पलीकडे बुरडांची वस्ती लागली. तिथल्या तुळसामावशी टोपली विणत बसल्या होत्या. काट्यांतून दोन माणसं बाहेर आलेली पाहून त्यांनी हातची टोपलीच टाकली.

"अगो बया! कुठनं आलात? कुणाकडं निघालात?"

"राही आक्काकडे," दुर्पी म्हणाली. "ती माझ्या आप्पांची लेक आहे. आम्हाला फार उशीर झालाय."

तुळसामावशींनी तिच्या हातांकडे पाहिलं, हळद लावली, आणि दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती कोयते घेऊन आली. आप्पांनी वस्तीतल्या झाडून सगळ्या बायकांना बांगड्या भरल्या, आणि किती दिवसांनी ते बोलायला लागले. मुंग्यांचं सांगितलं, बेडकाचं सांगितलं. एकीचाही हात दुखला नाही.

तरी अडीच महिने लागले. अडीच महिने! मी गोष्ट सांगतेय म्हणून मला ते कमी करता येत असतं तर केलं असतं. पण वाट पाडायला जेवढं लागतं तेवढं लागतंच.

करवंदीला पांढरी फुलं आली तेव्हा शेवटची जाळी तुटली आणि समोर ते सारवलेलं अंगण दिसलं. दुर्पी धावत सुटली. आप्पांच्या माळा किणकिणल्या.

दारात कुणी नव्हतं.

सासू सूप घेऊन ओट्यावर पाखडत होती. तिने मान वर केली, दोघांना पाहिलं, आणि नुसतं आत बोट दाखवलं. आत झोळीत एक इवलंसं बाळ झोपलं होतं, मुठी घट्ट मिटून. जवळ राही बसली होती. तिने दोघांकडे पाहिलं. ती हसली नाही, उठली नाही, "उशीर केलात" असंही म्हणाली नाही.

दुर्पी तिच्यासमोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. परी, मणी, खोटं, पुढचा बुधवार, काटे, भ्याल्याचं, सगळं. स्वतःच्या बाजूने एक शब्द घातला नाही. राहीच्या उजव्या हातावर, अंगठ्याजवळ, एक पांढरी रेघ होती.

"त्या दिवशी मी घराला फेरी मारली," राही म्हणाली. "वाटलं, लपलायत. लहान मुलीसारखी शोधत होते मी तुम्हाला."

आप्पांनी तोंड फिरवलं.

तेवढ्यात झोळीच्या दोरीवर वाळे वाजले. परी येऊन बसली होती. तिचा लालचुटुक घागरा कुडाच्या अंधारात दिव्यासारखा दिसत होता. "दुर्पी," ती म्हणाली, "माझा पंख सोडवलास तेव्हा मी खूश होऊन मणी दिले होते. पण तू हातांनी वाट पाडलीस, म्हणून आज तुला आणखी एक काही द्यावंसं वाटतंय. माग."

दुर्पीने क्षणभरही विचार केला नाही. "तो दिवस परत दे. आक्का दारात उभी होती, तो."

परीच्या हिरव्या पंखांवरची चमक जरा मंद झाली. "दिवस माझ्याकडे नसतात गं, राणी," ती म्हणाली. "माझ्याकडे नुसत्या वाटा असतात. पण एवढं करते. तुम्ही पाडलेली ही वाट आता कधीच बुजणार नाही. तिच्या दोन्ही अंगांना फुलं असतील, सावली असेल, आणि तिच्यावरून कितीतरी माणसं येतील. या घराला आता शेजार मिळेल." एवढं बोलून ती उडाली. कुडाच्या फटीफटीतून हिरवा, सोनेरी, गुलाबी उजेड आत आला, बाळाच्या मुठींवर पडला, राहीच्या केसांवर पडला. उजेड ओसरला तेव्हा दोरी नुसतीच हलत होती.

मग दुर्पीने बांगड्यांचं बोचकं पुढे ओढलं. हिरव्या काचेच्या चार मापांच्या माळा काढून मांडीवर ठेवल्या. आप्पा उठायला लागले, तर तिने मान हलवली. "आप्पा, मी भरते." आणि ती राहीला म्हणाली, "आक्का, हात बघू?"

राहीने हात दिला नाही. दुर्पीने आपला तळहात तसाच पुढे धरून ठेवला. बाहेर सुपाचा आवाज थांबला. मग राहीने हळूच डावा हात तिच्या हातात ठेवला.

दुर्पीने तो हात नीट पाहिला. आता तो जुन्या मापाचाही नव्हता आणि सातव्या महिन्यातल्या मापाचाही नव्हता. बारीक झाला होता, थोडा खरखरीत झाला होता. तिने अंगठा दुमडला, गाठी दाबल्या, आणि बोलायला तोंड उघडलं. पण तिला गाय आठवेना, पोपट आठवेनात, मुंग्या आठवेनात. तिच्या तोंडून एवढंच आलं, "आक्का, बाळाचं नाव काय ठेवलंस?"

"नाही ठेवलं अजून," राही म्हणाली. "माहेरचं माणूस हवं ना बारशाला."

बांगडी मनगटात गेली होती. एक, दोन, सहा. दुर्पीचे अश्रू राहीच्या हातावर पडत होते, आणि दोघींपैकी कुणीच ते पुसत नव्हतं. हात भरून झाला, तसा राहीने तो काढून घेतला. दुर्पीने मान खाली घालून माळा आवरायला घेतल्या. एवढं मिळालं तेच पुष्कळ, असं तिला वाटलं.

"आवरतेस काय?" राही म्हणाली, आणि तिने तो दुसरा, रेघ असलेला हात पुढे केला. "हा राहिलाय अजून."